नाव घेऊन दिलेली माफी

“उद्या मास्तरला शाळंत जाऊ देऊ नगा बाई. आयुब म्हनला तसं. दुसरं काय मला इचारू नगा.” रजियाबी हे बोलली तेव्हा मी तिच्याकडं धड पाहिलंही नव्हतं. माझं बोट बाळीच्या तोंडात होतं. चौदा महिन्यांची माझी मुलगी, तिला दाढा फुटत होत्या, दोन दिवस पोट बिघडलेलं, आणि मी तिला दाराच्या उजेडात आडवी धरून हिरडीवर पांढरं काही आलंय का ते बघत होते. रजियाबी आमच्या गल्लीतली पिंजारीण. आमच्या गादीचा कापूस तिनं आणि तिच्या मुलानं, आयुबनं, पिंजून दिला होता. तो ती डोक्यावरून घेऊन आली होती; तिच्या भुवयांना तंतू चिकटलेले, त्यामुळं ती एकाएकी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती, एवढं मात्र मला आठवतं. “बरं, सांगते,” मी म्हणाले. ती उंबऱ्यापाशी घुटमळली. “इसरू नगा,” म्हणाली. मी म्हणाले, “नाही हो विसरत.” आणि मी विसरले नाही. लोकांना वाटेल विसरले असेन, लहान मूल, आजारपण. तसं झालं असतं तर बरं होतं. मला ते बोलणं संध्याकाळपर्यंत शब्दन्‌शब्द ठाऊक होतं आणि मी ते सांगितलं नाही.

कारण विचाराल तर आहे, पण मांडायला गेले की मलाच पटत नाही. अठ्ठेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यापासून निजामाच्या मुलखात रोज एक नवी बातमी दारात यायची. सोलापूर आमच्या गावापासून फार लांब नाही, पण मध्ये सरहद्द. तिकडं हिंदुस्थान स्वतंत्र झालेला, इकडं सडकेनं लॉऱ्यांतून रझाकारांच्या टोळ्या हिंडणाऱ्या. रजियाबीनं वैशाखात सांगितलं होतं, चावडीजवळच्या विहिरीचं पाणी भरू नका. मी आठ दिवस ओढ्याचं पाणी उकळून बाळीला पाजलं. विहिरीला काही झालेलं नव्हतं. मग तिनं सांगितलं, मीठ बंद होणार. मी मीठ भरून ठेवलं आणि ते आषाढाच्या हवेत पाझरून गेलं. तिसऱ्यांदा मी मनात हसले. मी सोलापुरात वाढलेली, पुण्याला इंटरपर्यंत शिकलेली, तर्कशास्त्रात वर्गात दुसरी आलेली मुलगी. दोनदा खोटं ठरलेलं तिसऱ्यांदाही खोटंच असणार असं मी ठरवून टाकलं, आणि तर्कशास्त्रात नेमकी हीच चूक करू नका म्हणून शिकवतात. शिवाय, हे लिहिताना हात अडतो, ती पिंजारीण होती आणि मी मास्तरीणबाई. संध्याकाळी मास्तर आले. माझे यजमान सोमलिंग, मिशनच्या शाळेचे मास्तर. माझ्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातली नावं तशीच ठेवली होती. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, मीही. मी त्यांना बाळीच्या शीचा रंग सांगितला, किती वेळा झाली ते सांगितलं, उमरग्याला डॉक्टरकडं न्यायचं का विचारलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “रजियाबी येऊन गेली का?” मी म्हणाले, “गेली. कापूस छान पिंजलाय.” एवढं बोलून मी त्यांना आणखी अर्धी भाकरी वाढली.

शुक्रवारी दुपारी टोळी आली. बहुतेक बाहेरगावची माणसं, तोंडांना फडकी बांधलेली. त्यांना महालिंगप्पा हवा होता. तो अडत्याचा मुलगा, सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीला बातम्या पोचवायचा. त्याचं शाळेत मास्तरांकडं येणंजाणं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तो पळत येऊन शाळेत शिरला आणि नकाशांच्या फडताळामागं दडला. मास्तर दारात उभे राहिले आणि म्हणाले, आत कुणी नाही. मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारा माणूस, त्यानं ते सरळ उभं राहून सांगितलं. टोळीला तो आत सापडला नाही, तेव्हा त्यांनी मास्तरांनाच ओढ्याकाठी नेलं. गोळीचा आवाज मला घरात ऐकू आला. मी पटकन बाळीचे कान झाकले, कारण ती नुकतीच झोपली होती. तो आवाज कशाचा हे कळायच्या आधीची ती माझी शेवटची हालचाल. अजूनही कधी कधी काही कारण नसताना माझे तळवे तसे वळतात.

त्यानंतर लोक काय म्हणत होते ते मी एका कानानं ऐकत होते, पण ऐकत होते. आमचे पाळक शरणबसप्पा उमरग्याहून सायकलवर आले, चिखलानं माखलेले, आणि घाम पुसायच्या आधी म्हणाले, “बाई, सोमलिंगानं दुसऱ्यासाठी जीव दिला. प्रभूनं दिला तसाच.” हे वाक्य माझ्या सासूनं, गौराबाईंनी, उचललं; मी त्यांना आत्याबाई म्हणते. तीन दिवस तोंडात पाणी न घेतलेली म्हातारी ते ऐकून उठली आणि चुलीपाशी गेली. त्या दिवसापासून त्या वाक्यावरच त्या जगत होत्या. कुणी भेटायला आलं की सांगायच्या, “माजा लेक मेला न्हाय, त्यानं दिला.” दिला म्हणताना त्या उजवा हात पुढं करायच्या, ओंजळीतून धान्य ओतल्यासारखा. मी शेजारी बसून बाळीला थोपटत असायचे, आणि मला त्या हाताकडं बघवायचं नाही. कारण मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं की प्रभूचं मरण आणि साधं मरण यांत फरक आहे तो एवढाच: प्रभूला आधी ठाऊक होतं. त्यानं जेवणाच्या पंगतीत बसून सांगितलं होतं की मला धरून देणार. तो बागेत गुडघे टेकून घामाघूम झाला, हा प्याला टळू दे म्हणाला, आणि मग उठून गेला. वाट मोकळी होती, तरी गेला, म्हणून ते अर्पण. कोकराला ठाऊक नसतं. कोकरू कापलं जातं. मग मास्तर काय होते? त्यांच्यासमोर दोन वाटा ठेवण्याचं काम त्या गुरुवारी एका बाईकडं आलं होतं आणि तिनं ते केलं नाही. त्यांना कळलं असतं आणि ते घरी राहिले असते, तर ते आज असते. त्यांना कळलं असतं आणि तरी गेले असते, तर आत्याबाई म्हणतात ते खरं झालं असतं. मी दोन्ही काढून घेतलं. तिसऱ्याच दिवशी महालिंगप्पा आला होता, भिंतीला टेकून उभा राहिला, गळ्यातलं लिंग मुठीत धरून. “वहिनी, लोकांना म्या सांगितलं की मास्तर म्हनले, मला न्या. तसं म्हनले न्हाईत ते.” मी विचारलं, “मग काय म्हणाले?” त्यानं मूठ सोडली. “म्हनले, घरी एकदा सांगून येतो. लेकरू आजारी हाय.” हे त्यानं मला दिलं आणि तो गेला, आणि ते माझ्याजवळ राहिलं. प्याला टळू दे, असंच ते होतं का? की नुसतं, घरी जाऊ द्या? दोन्ही वाक्यं मी बाळीला भरवताना, तिचे लंगोट पिळताना, एकमेकांशेजारी ठेवून बघायची.

भाद्रपदात सडकेनं रणगाडे गेले. पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आणि मग उलटं सुरू झालं. ज्यांनी काही केलं होतं ते आधीच पळाले होते; जे राहिले होते त्यांची घरं पेटली. आमच्या गल्लीत चाँदपाशा पिंजाऱ्याचं घर वाचलं, कारण रजियाबीचा नवरा चाँदपाशा मरून सहा वर्षं झाली होती आणि ती एकटी होती. आयुब आषाढापासून गुलबर्ग्याला मामाकडं आहे असं ती सांगायची. मला ते खरं वाटायचं नाही. तिच्या घरून कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज बंद होता, पण ती दोन माणसांचं पाणी भरायची. मी हे पाहिलं होतं, कारण मी सगळंच पाहत असते. बाळी झाल्यापासून मला डोळे मिटताच येत नाहीत. मी कुणाला बोलले नाही. न बोलणं मला आता चांगलं जमायला लागलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मास्तरांच्या आठवणीचं प्रभुभोजन ठेवलं. आमचं मंदिर म्हणजे शाळेचीच खोली. बाक भिंतीला लावले की मंदिर. आदल्या दिवशी मी मनुका भिजत घातल्या, सकाळी त्यांचं पाणी उकळून गाळलं, आणि गव्हाची जाड, बिनखमिराची भाकर भाजली. आमच्या मंडळीची एक रीत आहे, ती सोलापुरात मी पाहिली नव्हती. भाकर मोडण्याआधी पाळक थांबतात. ज्याच्या मनात कुणाविषयी गाठ असेल त्यानं उभं राहायचं, त्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि म्हणायचं, मी मोकळं केलं. नाव घेतल्याशिवाय माफी धरत नाहीत. एरवी ही नावं शेळीनं खाल्लेल्या वेलाची, परत न आलेल्या परातीची. एकदा गजराबाईनं आपल्या जावेला मोकळं केलं आणि जाऊ तिथंच उठून म्हणाली, “हिनं मला मोकळं करायला म्या हिचं काय केलंय?” आणि मास्तरांना हसू दाबायला रुमाल तोंडात धरावा लागला. त्या रविवारी कुणी हसणार नव्हतं. अर्धं गाव आलं होतं, मंडळीबाहेरचंही; महालिंगप्पा दारापाशी, पोलीस पाटलाचा भाऊ बंडप्पा खिडकीच्या गजांना धरून. त्याचा गोठा टोळीनं जनावरांसकट जाळला होता. शरणबसप्पा थांबले. गौराबाई उठल्या. मला वाटलं, पुढच्या ओळीत बसलेल्या कुणाशी पाण्यावरून झालं असेल. त्यांनी पदर सारखा केला आणि छताकडं बघून, कुणाला ऐकवण्यासाठी नव्हे, स्वतःशी बोलावं तशा म्हणाल्या, “देवा, तोंडं बांधलेल्यात त्या दिशी एक पाय वढत चालत हुता. म्या वळखला त्याला. रजियाबीचा आयुब. त्यो घरातच हाय, मला ठावं हाय. त्याला म्या मोकळं केलं. माज्या लेकाचं रगत म्या त्याच्याकडं मागनार न्हाय.” आणि बसल्या. बायका हुंदके देऊ लागल्या. शरणबसप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी भाकर उचलली आणि मोडली. इतकी मोठी माफी त्या खोलीत कधी कुणी दिली नव्हती, आणि ती खरी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी मात्र खिडकीकडं पाहत होते. बंडप्पाचे हात गजांवरून सुटले होते. तिथं आता नुसता उजेड होता.

भाकरीचा तुकडा माझ्यापर्यंत आला. मी तो घेतला, बाळीनं हात घातला, मी तिच्या मुठीतून तो सोडवला, आणि बाहेर पळणारी पावलं ऐकत तो गिळला.

आयुबला त्यांनी कापसाच्या खोलीतून काढलं. रविवारचा दिवस आणि सोमवारची सकाळ तो चावडीत बांधलेला होता. सडकेवर तळ ठोकलेल्या लष्कराचा साहेब सोमवारी दुपारी येणार होता. तोवर त्याला हात लावायचा नाही असं पोलीस पाटलानं सांगितलं होतं, आणि त्यानंतर काय हे सांगायची कुणाला गरज नव्हती. घरी गौराबाई पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. “म्या तर माफ केलं की त्याला. मग धरला कशाला?” बंडप्पा बाहेरून जात होता, तो थांबला. “आत्या, न केल्याला कोन माफ करतंय? तुमीच सांगितलं की, हुता म्हनून.” म्हातारी चुलीपाशी जाऊन बसली. त्यांनी जे देवाला सांगितलं होतं ते गावाला सापडलं होतं, आणि दोन्हीकडं ते वेगवेगळं कसं होतं हे त्यांना उमगेना. थोड्या वेळानं रजियाबी आली. ती रडत नव्हती. तिनं आत्याबाईंकडं पाहिलं नाही, सरळ माझ्यासमोर येऊन बसली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, “बाई, म्या तुमाला सांगितलं हुतं का न्हाय?” आत्याबाई चुलीपाशी होत्या, हातभर अंतरावर. त्यांची पळी थांबली. बाळी रजियाबीच्या बांगडीशी खेळायला लागली. मी म्हणाले, “रजियाबी, तुम्ही पाणी घ्या.” मग ती उठली, बांगडीवरची बाळीची बोटं एकेक करून हलक्या हातानं सोडवली, आणि गेली. “काय सांगितलं हुतं?” आत्याबाईंनी विचारलं. मी म्हणाले, “कापसाचं काहीतरी.”

मला इथं थांबून सांगावंसं वाटतं की मी लगेच उठले. तसं झालं नाही. मी बाळीला अंघोळ घातली. तिच्या कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, जिथं मळ नव्हता तिथंही पुसत राहिले, आणि मनात दुसरंच चाललेलं. आयुब टोळीबरोबर होता हे तर खरंच. खाकी त्यानं चढवली होती, कुणाच्या धाकानं की हौसेनं मला ठाऊक नाही. ओढ्यापाशी त्यानं काय केलं, काय पाहिलं, ठाऊक नाही. पण आदल्या दिवशी त्यानं आईला आमच्याकडं पाठवलं होतं, आणि हे जगात चार माणसांना ठाऊक असायला हवं होतं आणि तिघांनाच होतं. त्या तिघांत दोघांचं कुणी ऐकणार नव्हतं. प्रभूला क्रुसावर धाडणाऱ्या सुभेदाराच्या, पिलाताच्या, बायकोची गोष्ट मी मुलांना नेहमी घाईनं सांगून टाकायची: तिनं नवऱ्याला निरोप धाडला, या माणसाच्या वाटेला जाऊ नका, मला फार वाईट स्वप्न पडलं, आणि त्यानं ऐकलं नाही. एका मुलीनं विचारलं होतं, त्यानं ऐकलं असतं तर? मी म्हणाले होते, तर आपलं तारण झालं नसतं. किती सहज म्हणाले होते! शरणबसप्पांना सांगितलं असतं तर त्यांनीही मला असंच काही दिलं असतं: बाई, ही देवाची योजना. तुम्ही बोलला असता तर महालिंगप्पा मेला असता. आणि हे खोटंही नाही; शाळेला कुलूप असतं तर महालिंगप्पा बाहेरच सापडला असता. पण मी महालिंगप्पाला वाचवलेलं नाही. मी बाळीचे दात बघत होते. क्रुसावरून प्रभूनं खिळे ठोकणाऱ्यांसाठी माफी मागितली ती त्यांना कळत नाही म्हणून. कळत असलेल्यांचं काय, हे कुठल्या प्रवचनात मी ऐकलं नव्हतं. आणि या क्षणी तर मला सगळंच कळत होतं. गुरुवारी निदान मला ती थाप वाटली होती. आज मी गप्प बसले तर थाप वाटली म्हणून नव्हे. बाळीला कोरडी करून मी कडेवर घेतली. “आत्याबाई, मी चावडीवर जाते,” म्हणाले. त्या म्हणाल्या, “मी बी येते. सायबाला सांगते, माफ केलंय म्हनून.” वाटभर त्यांनी माझा दंड धरला होता, चिखल होता.

साहेब तरुण होता, मद्रासकडचा, कपाळावर टोपीची रेघ उमटलेली. त्याला दोन गावं अजून करायची होती. आयुब खांबापाशी बसला होता. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फुटलेला, आणि वाईट पाय पुढं लांब करून ठेवलेला. रजियाबी पायरीखाली. साहेब दुभाष्याला सांगत होता की तक्रारीचा धड कागद नाही, बचावाचाही नाही. कुणाचं काही लेखी नसेल तर तो या माणसाला इथंच पाटलाच्या ताब्यात ठेवून जाईल. गर्दीत एक हालचाल झाली, भुकेल्या माणसांपुढं ताट येतं तशी. मी पुढं झाले आणि इंग्रजीत बोलले. कॉलेज सुटल्यापासून त्या भाषेत मी कुणाशी बोलले नव्हते. ती तोंडातून गुळगुळीत, परक्यासारखी आली. मी सगळं सांगितलं. निरोप आला होता, यानं पाठवला होता, माझ्याकडं आला होता, मी तो नवऱ्याला दिला नाही, चूक माझी. शेजारी आत्याबाई माझा दंड धरून उभ्या, मान हलवत होत्या, सून साहेबाच्या भाषेत बोलते याचा त्यांना अभिमान वाटत होता. मला एकदम हलकं वाटलं. सांगूनही झालं आणि कुणाला कळलंही नाही. साहेबानं लिहून घेतलं, मग मान वर केली. कागदावर गावच्या दोन पंचांचे अंगठे, सह्या लागतील, म्हणाला. त्यांना समजेल असं, बाई, तुमच्या भाषेत सांगा.

पंच होते महालिंगप्पा आणि बंडप्पा. बाळी जड झाली होती, मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. “आदल्या दिवशी,” मी म्हणाले, “आयुबनं रजियाबीकडून निरोप पाठवला होता. मास्तरांना शाळेत जाऊ देऊ नका म्हणून.” आणि थांबले. खरंच थांबले. तेवढ्यात आत्याबाईंनी माझा दंड घट्ट दाबला आणि त्यांचा आवाज सगळ्या चावडीवर गेला, “बगा! ठावं हुतं माज्या लेकाला! ठावं असून गेला त्यो!” त्यांचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी कुणाचा पाहिला नव्हता. त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं: ठाऊक असलेलं मरण, उठून गेलेला मुलगा. मी पुढं एक शब्दही बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं, त्यांच्या मरेपर्यंत, कदाचित बाळीच्याही. पण बंडप्पा हसला. “निरोप पोचला असता तर मास्तर शाळंत गेला असता व्हय? लेकरू आजारी, बायको तरणी. ह्या काय बी सांगतेत. माफीवाले लोक हैत, वाचवायला बघतेत त्याला. मी न्हाय अंगठा लावत.” गर्दीतून हुंकार आला. मग आयुब बोलला. फुटलेल्या ओठामुळं शब्द नीट येत नव्हते, पण त्याला खरंच हवं होतं उत्तर, गेले अडीच महिने हवं होतं, हे त्याच्या उघड्या डोळ्यात दिसत होतं. “बाई, अम्मी म्हनली सांगितलं. मग मास्तर आले कशाला?”

“मी त्यांना सांगितलंच नाही,” मी म्हणाले. “निरोप माझ्याजवळच राहिला. मला ते खोटं वाटलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं.”

दंडावरचा हात लगेच सुटला नाही. तो तिथंच होता, फक्त त्यात आता कुणी नव्हतं. मग तो खाली गेला. महालिंगप्पा माझ्याकडं पाहत होता. आपण कुणामुळं जिवंत आहोत हे त्याला आता ठरवता येत नव्हतं. त्यानंच आधी सही केली. बंडप्पानं एकदा बाळीकडं पाहिलं. “एवढं वाईट कुनी बाईमानूस सोताबद्दल खोटं सांगनार न्हाय,” असं काहीतरी पुटपुटला आणि त्यानं अंगठा दिला. साहेबानं आयुबला लॉरीत घातलं. टोळीत होता त्याचा खटला चालेल, म्हणाला, जिल्ह्याच्या ठिकाणी. जबाब कागदांना जोडतो. लॉरीत चढताना आयुब दोनदा घसरला आणि कुणी हात दिला नाही. मीही नाही, माझ्या कडेवर मूल होतं.

घरी आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत. वाईट बोलल्या असत्या तर मी ऐकलं असतं. त्या बाळीला घ्यायच्या, भाकरी थापायच्या, माझं ताट वाढायच्या. पुढच्या महिन्यात पाळक आले, मी भाकर भाजली, आणि ती मोडण्याआधी ते थांबले. सगळी खोली आत्याबाईंकडं बघत होती. शरणबसप्पांनी जरा जास्तच वेळ दिला. “गौराबाई?” ते हळूच म्हणाले. त्या उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराला लागले, हे मी पाहिलं. “न्हाय येत वो पाळकबाबा,” त्या म्हणाल्या. “तोंडात येतंय, आतून न्हाय येत.” त्यांनी भाकर घेतली नाही, ताट पुढं सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मला रडू आलं नाही, राग तर नाहीच. तोंडदेखलं मोकळं करणं त्यांना कधीच जमलं नसतं. आयुबला दिलेलं म्हणून तर खरं होतं. मी माझा तुकडा घेतला आणि तोही ताटात परत ठेवला. त्यांनी दिल्याशिवाय प्रभूकडून घ्यायचं कसं, मला कळेना. मुलानं जीव दिला, हे मीच त्यांच्यापासून काढून घेतलं होतं. आता माफीसुद्धा मागायची म्हणजे म्हातारीकडं उरलं काय?

नाताळ झाल्यावर मी बाळीला घेऊन सोलापूरला आले. इथं मुलींच्या शाळेत शिकवते. आत्याबाई आल्या नाहीत. दर महिन्याला गजराबाईकडून पत्र लिहून घेतात, बाळीचं विचारतात, शेवटी आशीर्वाद असतो तो बाळीला. रजियाबीला तिचा भाऊ गुलबर्ग्याकडं घेऊन गेला, गाव मला माहीत नाही. राहिला आयुब. मी जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा जाऊन आले. तुरुंगाच्या दारावर हजार माणसांची गर्दी, आणि दारावरचा शिपाई प्रत्येकाला एकच विचारतो, नातं काय. पहिल्यांदा मी म्हणाले, शेजारी. तो म्हणाला, शेजाऱ्यांना नाही. दुसऱ्यांदा मला काही बोलताच आलं नाही, तोवर मागच्या बाईनं मला बाजूला केलं होतं. कुणी म्हणतं, त्या खेपेचे बरेच सुटले. कुणी म्हणतं, थंडीत आजारानं गेले. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणाचं तिकडं कचेरीत काम निघालं, तर दारावर एकदा विचारा. आयुब, बापाचं नाव चाँदपाशा, जातीनं पिंजारी, वय बावीस-तेवीस, गाव जळकोटपासून सडकेनं दोन कोस. आहे का, आणि असला तर त्याच्या कागदांत एका बाईचा जबाब लावलेला आहे का. नसला तर मला कळवा, मी पुन्हा सांगायला येईन, कितीही लोकांपुढं. शिपाई नातं विचारेल. तुम्हाला जे सुचेल ते सांगा, पण विचारल्याशिवाय तिथून परतू नका.